ब्रेक घ्यायचाय? आधी पाटे मोजा!

शुक्रवारची रात्र, साडेअकरा. नॉर्मल मुली या वेळी मोबाइलवर काय बघतात? शूज, कुर्ते, गोव्याची तिकिटं, फार तर एखाद्याचं प्रोफाइल. मी ब्रेक डिस्क बघत होते. हो, ब्रेक डिस्क! गोल गोल भोकं पाडलेली, खाचा मारलेली, सोनेरी झाक असलेली, वर लालभडक कॅलिपर. काय दिसतात राव! ज्वेलरीच्या जाहिरातीत सहज खपून जातील. कार्टमध्ये टाकल्या, काढल्या, पुन्हा टाकल्या. रूममेटने मागून डोकावून विचारलं, "तू गाडी कधी घेतलीस?"

मी नाही घेतली गं. गाडी दादाची आहे. पिकअप.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. माझं आजोळ सोलापूरला, भवानी पेठेत. डावीकडे यंत्रमाग, उजवीकडे यंत्रमाग, मध्ये मामाचं घर. लहानपणी सुट्टीत तिथे गेलं की पहिली रात्र त्या खटखटीमुळे झोप लागायची नाही आणि पुण्याला परतलं की पहिली रात्र ती खटखट नाही म्हणून लागायची नाही. मामाने आयुष्य मागावर काढलं. दादाने मात्र 'आपल्याला धोटा बघत बसायचं नाही' असं जाहीर करून कर्ज काढलं आणि पांढरी पिकअप दारात उभी केली. जाताना टॉवेल आणि चादरी भरायच्या. तुळजापूर, धाराशिव, लातूर. येताना लातूरहून डाळ. सोलापुरी चादरीला जीआय टॅग आहे, कौतुक आहे, एअरपोर्टवर गिफ्ट म्हणून भाव आहे. ती दुकानापर्यंत पोचवणाऱ्या गाडीला फक्त महिन्याचा हप्ता आहे.

आता तुम्ही म्हणाल, ऑफिसला मेट्रोने जाणाऱ्या आमच्यासारख्यांना पिकअपच्या ब्रेकचं काय? सांगते. पण आधी तो घाट.

सप्टेंबरमध्ये एका स्टोरीसाठी लातूरला गेले होते. परत येताना बसऐवजी दादाच्या केबिनमध्ये बसले. मागे डाळीची पोती, समोर डॅशबोर्डवर तुळजाभवानीचा फोटो, हातात शेंगाचटणी लावलेली कडक भाकरी. लाँग ड्राइव्हचा आपला देशी फंडा! तुळजापूर मागे पडलं आणि बालाघाटाचा डोंगर उतरायला लागलो. दादा मला वहिनीच्या शिवणक्लासबद्दल काहीतरी सांगत होता. पहिलं वळण झालं. दुसरं झालं. जळका वास यायला लागला, मला वाटलं पुढच्या ट्रकचा. मग दादा बोलता बोलता एकदम गप्प झाला.

मला तेवढंच कळलं, की माणूस गप्प झाला. त्याचा उजवा पाय पटपट वरखाली होत होता. मग त्याने गिअर खाली टाकला, तिसरा, मग दुसरा. इंजिन असं किंचाळलं की हातातली भाकरी खाली पडली. हँडब्रेक एकदम न ओढता एकेक दात करत वर घेतला आणि गाडी कडेच्या मुरुमात घातली. खरखर आवाज करत ती थांबली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. मागून आलेल्या एका जीपवाल्याने उतरून पाण्याची बाटली पुढे केली, तर दादा ओरडला, "पाणी मारू नको! डिस्क तडकंल!"

चाळीस मिनिटं आम्ही तिथे बसलो. गाड्या जात होत्या. दादाने एकच वाक्य उच्चारलं, "वहिनीला सांगू नको."

आणि त्यालाच लागून दुसरी गोष्ट त्याने नंतर, तामलवाडीच्या टोलनाक्याच्या पुढे आल्यावर, मान वळवून खिडकीबाहेर बघत कबूल केली. सुरुवातीच्या उतारावर गाडी न्यूट्रल होती. डिझेल वाचतं म्हणून.

पुण्यात आल्यावर मी जे केलं ते आपल्या पिढीतलं कुणीही करेल. सर्च मारला. 'पिकअप ब्रेक अपग्रेड.' आणि बॉस, एक अख्खं विश्व उघडलं. अमेरिकेत पिकअप ही फॅमिली गाडी आहे, मागे बोट आणि ट्रेलर बांधून लोक डोंगरात सुट्टीला जातात. त्यांच्यासाठी पॉवरस्टॉपचे 'ट्रक अँड टो' नावाचे किट मिळतात, पॅड आणि भोकं-खाचावाल्या डिस्क एकाच बॉक्समध्ये. ब्रिटनच्या ईबीसीचे पॅड तर रंगावरून ओळखायचे, ग्रीनस्टफ, यलोस्टफ, रेडस्टफ. लिपस्टिकच्या शेड्स जणू! नेमका त्याच आठवड्यात एका मासिकाकडून अडकलेला चेक आला होता (फ्रीलान्सरला चेक येणं म्हणजे काय, ते फ्रीलान्सरलाच विचारा). बारा हजार रुपये. ठरलं. दिवाळीला दादाला ब्रेक द्यायचे.

फक्त ऑर्डरचं बटण दाबण्याआधी त्याच्या मेकॅनिकला विचारावं म्हटलं, साइज तरी बरोबर आहे ना म्हणून. तेवढी अक्कल सुचली, हे नशीब.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सोलापूर. दादाचे मेकॅनिक म्हणजे चाचा. रूपाभवानीच्या देवळाकडून तुळजापूर रोडला लागताना आत एका गल्लीत त्यांचं पत्र्याचं शेड. चाचा चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपतायत. मराठी, दखनी, तेलुगू, कन्नड, गिऱ्हाईक बघून भाषा बदलते, आणि कधीकधी एकाच वाक्यात चारही येतात. मी मोठ्या उत्साहाने मोबाइलवर त्या सोनेरी डिस्क दाखवल्या. चाचांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोटो झूम केला, नीट बघितला.

"अच्छा दिखता," ते म्हणाले. "दीवार पे लगाव."

दादा खो खो हसला. मी नाही.

मग चाचांनी दादाला एक प्रश्न विचारला, आणि तिथून पुढचा अर्धा तास मी वहीत लिहीत बसले. प्रश्न असा: घाटात पायडल कडक होतं का नरम?

फंडा असा आहे. घाटात ब्रेक 'जातात' ते दोन तऱ्हांनी. पॅड प्रमाणाबाहेर तापले तर त्यांच्यातला बांधणारा राळेसारखा पदार्थ जळायला लागतो, त्याचा वायू होतो आणि पॅडची पकड सुटते. तेव्हा पायडल कडकच असतं, तुम्ही जीव खाऊन दाबता आणि गाडी आपली चाललेलीच. दुसरी तऱ्हा म्हणजे ब्रेक ऑइल उकळणं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे तुमच्या पायाचा सगळा जोर ते बुडबुडे चेपण्यात जातो आणि पायडल स्पंजासारखं खाली बसतं. दादाचं पायडल नरम झालं होतं. म्हणजे ऑइल उकळलं होतं. त्यावर सोनेरी डिस्क काय करणार, कपाळ?

चाचांनी बाटलीचं झाकण उघडून दाखवलं. काळ्या चहासारखा रंग. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, झाकण बंद असलं तरी होजमधून थोडं थोडं घेतच राहतं, आणि जितकं पाणी जास्त तितकं ते लवकर उकळतं. डॉट ३ दर्जाचं नवंकोरं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं, पाणी मुरलेलं असेल तर हमी १४० अंशांचीच. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं, खर्च एका पिझ्झाएवढा. दादाने गाडी घेतल्यापासून बदललंच नव्हतं. कमी झालं की वरून ओतायचं, बस्स. (तुमच्या कारचं कधी बदललंय? मी ऑफिसमधल्या नऊ जणांना विचारलं. एकाला माहीत होतं. तोही इन्शुरन्सबद्दल सांगत होता, असं नंतर कळलं.)

माझं फिजिक्स बारावीनंतर सुटलं, पण त्या रात्री मामाच्या माडीवर बसून मी गणित केलं. माल भरलेली पिकअप धरा तीन टन. ताशी ६० च्या वेगात तिच्यात साधारण ४.२ लाख ज्यूल ऊर्जा असते. ब्रेक मारला की ती सगळी उष्णता होते. वेग ८० केला की ७.४ लाख, म्हणजे वेग एक तृतीयांशाने वाढला आणि उष्णता पाऊणपट. हे ठीक आहे, हे आपल्याला शाळेत सांगितलेलं असतं. पण घाटाचं गणित वेगळंच निघालं. हीच गाडी वेग न वाढवता नुसती १०० मीटर उंचीवरून खाली आणायची तर २९ लाखांहून जास्त ज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात. ६० च्या वेगातून सात वेळा कचकन थांबण्याइतके! तेवढ्या उष्णतेत नऊ लिटर गार पाण्याला उकळी येईल. त्यातला काही वाटा हवा घेते, काही टायर घेतात, आणि गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रल असेल तर इंजिन म्हणतं, मी रजेवर आहे.

आणि डिझेलचं म्हणाल तर आजकालच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवाल्या इंजिनात गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की उतारावर इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट थोडं लागतं. दादाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतकी वर्षं त्याने वाचवलेलं डिझेल मुळात वाचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी पुढची चाकं काढली. चाचांच्या हाताखालचा पोरगा लगेच कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन धूळ उडवायला आला, तर चाचांनी त्याच्या हातावर मारलं आणि ओलं फडकं दिलं. "नाक में जाता बे." बरोबर आहे त्यांचं. जुन्या आणि स्वस्त पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आपल्याकडे त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही, आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. बॉक्सवर ॲस्बेस्टॉस नसल्याचं लिहिलेलं बघून घ्या.

जाता जाता एक गंमत. ब्रेकला अस्तर लावायचा धंदा ज्याने सुरू केला, त्या हर्बर्ट फ्रूड नावाच्या इंग्रजाचं सुरुवातीचं अस्तर कशाचं होतं माहितीये? सुताचं! इंग्लंडच्या डोंगराळ भागातल्या घोडागाड्या उतारावर आवरेनात म्हणून त्याने कापसाचा विणलेला पट्टा ब्रेकला लावला. साल १८९७. आमच्या सोलापुरात तेव्हा जुनी मिल सुरू होऊन वीस वर्षं झाली होती. ॲस्बेस्टॉस त्यात नंतर, १९०८ च्या सुमाराला आलं. फ्रूडच्या नावातली अक्षरं उलटसुलट करून एक 'ई' घातला की फेरोडो होतं, ती कंपनीच्या नावाची गोष्ट. मामाला हे सांगितलं तर त्याला काही आश्चर्य वाटलं नाही. तो म्हणाला, "मागाला पण ब्रेक असतोय की. धागा तुटला की माग आपोआप थांबतोय. गाडीला तेवढी पण अक्कल नाही."

असो. चाकं काढल्यावर निघालेलं चित्र: एका बाजूचे पॅड कागदासारखे, दुसऱ्या बाजूचे बरे, म्हणजे कॅलिपरची पिन अडकलेली. डिस्कच्या कडेला बोट अडकेल असा काठ. दर डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. चाचांनी व्हर्नियर लावला, जाडी त्याच्याही खाली गेलेली. दोनदा लेथवर फेस मारून घेतल्याचा परिणाम. फेस मारला की डिस्क गुळगुळीत होते, पण लोखंड कमी होतं, आणि उष्णता पिणारं तेच तर असतं.

इथे मला त्या सोनेरी डिस्कचं उत्तर मिळालं. डिस्कला भोकं पाडायची पद्धत रेसिंगमधून आली, तेव्हाचे पॅड तापल्यावर वायू सोडायचे, त्याला बाहेर पडायला वाट हवी म्हणून. आत्ताचे चांगले पॅड तितका वायू सोडत नाहीत. भोकं पाडली की लोखंड कमी होतं आणि भोकांच्या कडेला तडे जायची भीती वाढते. खाचा त्यातल्या त्यात बऱ्या, पॅडचा थर खरवडत राहतात, पण पॅडही लवकर खातात. तीन टन वजन घेऊन रोज घाट उतरणाऱ्या गाडीला हवी साधी, जाड, आतून हवा खेळणारी, कंपनीच्या मापाची डिस्क. एकदम अनग्लॅमरस! सोलापुरात रोटर म्हटलं तर कुणी ओळखत पण नाही, 'डिस्क द्या' म्हणायचं.

ती आणायला आम्ही स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवर अण्णा. त्यांनी न विचारता तीन बॉक्स ठेवले. पहिला लोकल, दुसरा कंपनीचा, तिसरा सिरॅमिक. लोकल आणि कंपनीच्या किमतीत तिपटीचा फरक. दादाचा हात सवयीने पहिल्या बॉक्सकडे गेला, मी त्याच्याकडे बघितलं, हात मागे आला. सिरॅमिकचं मला फार कौतुक होतं, नाव ऐकूनच भारी वाटतं. अण्णा म्हणाले, शहरातल्या कारला घ्या, आवाज नाही, चाकाला काळी धूळ नाही, छान आहे. माल वाहणाऱ्या गाडीला धातूची भुकटी असलेला सेमी मेटॅलिक बरा, तापला तरी धरतो. थोडा आवाज करेल, डिस्क थोडी जास्त झिजवेल. आणि रेसिंगचे पॅड? अण्णा हसले. ते गार असताना धरतच नाहीत म्हणे. सकाळी सहाला गल्लीतून निघताना समोर पोरगं आलं तर काय, पॅड तापेपर्यंत थांब म्हणणार?

मी एक शिकून आले होते, ते इथे कामाला आलं. पॅडच्या पाठीवर किंवा कडेला बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यानंतरची. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' ०.३५ ते ०.४५, 'जी' त्याच्या वर. एफई असेल तर समजायचं, गार असताना चांगला, तापला की ढिला. लोकल बॉक्सवर अक्षरंच नव्हती, कंपनीच्यावर एफएफ. अण्णांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं आणि चहा मागवला. (अक्षरांवरून पॅड किती टिकेल किंवा किती दर्जेदार आहे, हे कळत नाही. फक्त पकड कळते. उगाच दुकानात जाऊन शायनिंग मारू नका.) होलोग्राम बघितला, पक्कं बिल घेतलं. डॉट ४ ची सीलबंद बाटली घेतली.

बारा हजारात हे सगळं बसलं आणि वर थोडे उरले. माझ्या मनात दिवाळी साजरी झाली होती. आणि तेवढ्यात गाडीच्या मागच्या बाजूला गेलेल्या चाचांनी हाक मारली.

"पाटे किती?"

दादा गप्प.

चाचांनी स्वतःच बोट लावून मोजले. कंपनीचे होते त्याच्यावर दोन्ही बाजूंना दोन दोन जास्तीचे. आपल्या हायवेवर हा धंदा तुम्ही बघितला असेल: पाटे वाढवा, गाडी बसणार नाही, जास्त माल घाला. दादाने गाडी घेतल्या वर्षीच ते करून घेतलं होतं. आणि याचा ब्रेकशी काय संबंध, तर ऐका, कारण हे मला कुठल्याच स्क्रीनवर कुणी सांगितलं नव्हतं.

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याला एक दांडी. माल भरला की गाडीची मागची बाजू खाली बसते, दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की वजन आलं, तो मागच्या चाकांच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असेल तर मागे प्रेशर कमी, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी भोवऱ्यासारखी फिरेल. साधी, हुशार गोष्ट. आता पाटे वाढवले. दोन टन घाला, मागची बाजू पुरेशी बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक निम्म्या ताकदीने काम करतात आणि सगळा घाट पुढच्या दोन डिस्क एकट्याने उतरवतात. दादाचे पुढचे पॅड वर्षात तीनदा का संपायचे, त्याचं उत्तर गाडीच्या पोटाखाली होतं.

"व्हॉल्व्ह सेट करून देत नाही का?" दादाने विचारलं.

चाचा म्हणाले, करून देतो, पण ते माप कंपनीच्या पाट्याचं. काही लोक दांडी तारेने बांधून टाकतात, कायम फुल प्रेशर. मग पहिल्या पावसात रिकामी गाडी आडवी होते. अशी एक मागच्याच वर्षी टो होऊन आली होती म्हणे, त्यांनी शेडच्या कोपऱ्याकडे हात केला. मी विचारलं नाही की ड्रायव्हरचं काय झालं.

"पाटे काढायचे का?"

दादाने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. घरी आला.

रात्री जेवताना विषय निघाला नाही. वहिनी वाढत होती, तिच्यासमोर कसा निघणार? माडीवर गेल्यावर त्याने मला हिशेब सांगितला. जास्तीचे पाटे काढले तर खेपेला सहा पोती कमी भरावी लागणार. ५० किलोचं एक पोतं, म्हणजे ३०० किलो. महिन्याला इतक्या खेपा, पोत्यामागे इतकं भाडं. तो आकडा मी इथे लिहीत नाही, त्याचा आहे. एवढंच सांगते, की हप्ता आणि तो आकडा यांच्यात फार मोकळी जागा नव्हती. "तू बारा हजार दिलीस, एकदा. हे दर महिन्याला जाणार. आणि मी सहा पोती कमी घेतो म्हटलं की व्यापारी दुसऱ्याला फोन लावणार. त्याच्याकडे चार पाटे जास्त आहेत."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. मी त्याला म्हटलं, "दादा, त्या दिवशी तू माझ्याशी बोलता बोलता गप्प झालास ना, तेव्हा मी केबिनमध्ये होते. उद्या तुझा मुलगा असेल." हे बोलायला नको होतं कदाचित. तो उठून खाली गेला.

खालून मागांची खटखट येत होती. त्या रात्री झोप लागली नाही, आणि कारण खटखट नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काम झालं. नव्या डिस्क, नवे पॅड, पिन साफ करून ग्रीस, मागच्या ड्रममधले लायनर ॲडजस्ट, जुनं ऑइल पूर्ण काढून चारही चाकांतून हवा काढली. पोरगा पायडल मारतोय, चाचा खालून "दाब... सोड... दाब" ओरडतायत. मग मला आवडलेला भाग. नवे पॅड लगेच घाटात न्यायचे नसतात, डिस्कवर त्यांचा सारखा थर बसावा लागतो. तुळजापूर रोडच्या मोकळ्या पट्ट्यात ताशी ५० वरून १५ पर्यंत हळू ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं पळवून गार करायचं, पुन्हा. असं दहा वेळा. सातव्या-आठव्या वेळी मलासुद्धा फरक कळला, पायडल न बघता.

त्याच रस्त्याच्या कडेने कोजागरीला सोलापूरहून माणसांचा लोंढा तुळजापूरला चालत जातो. त्या दिवशी गाड्या वळवलेल्या असतात. बाकीच्या दिवसांतही कुणी ना कुणी अनवाणी चालत असतंच. एक म्हातारी जोडी चालली होती. दादाने त्यांच्या बरंच अलीकडे वेग कमी केला, आणि गिअरही.

तुम्ही पिकअप चालवत नाही, मान्य. पण लाँग वीकेंडला पाच जण, पाच बॅगा आणि छपरावर टेंट घेऊन महाबळेश्वर उतरताच ना? ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा, हे दादाच्या उस्तादांनी त्याला शिकवलं होतं आणि तो डिझेलच्या नादात विसरला होता. ब्रेक ऑइल कधी बदललं ते सर्व्हिस बुकात बघा. आणि लाल कॅलिपर कव्हर लावायचं असेल तर खुशाल लावा, फक्त ते प्लास्टिकचं आहे हे लक्षात ठेवा.

पाट्यांचं काय झालं? मी निघेपर्यंत काहीच नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबिजेला, दादाने ओवाळणीत एक पाकीट दिलं, आत बारा हजारांतले उरलेले पैसे आणि चाचांचं बिल. मी भांडून पैसे परत दिले, बिल ठेवून घेतलं.

तीन आठवड्यांनी मोबाइलवर फोटो आला. मामाच्या घराची भिंत, भिंतीला टेकवलेले दोन गंजके पाटे, शेजारी मामाची चप्पल. खाली मेसेज: 'दोन्ही बाजूचा एकेक काढला. दुसरा मार्चनंतर, सिझन संपला की. चाचांनी व्हॉल्व्ह बघितला, आधीपेक्षा बरा म्हणाले. तीन पोती कमी भरूलालोय.'

मी उत्तर टाइप करत होते, तेवढ्यात वहिनीचा फोन.

"ताई, एक विचारू का ओ? ह्यांनी गाडीला ब्रेक नवीन टाकले, पाटा काढला, आणि काल पहिल्यांदा मला घाटातून घेऊन गेले. किती हळू उतरवली! आधी काय झालं होतं का?"

मी म्हटलं, "वहिनी, दादा आहे का तिथे? त्यालाच विचारा."

"आहेत की," वहिनी म्हणाली. "इथेच उभे आहेत. गप्प झालेत एकदम."